बॅगेला हात लावायचा नाही

मॉलच्या सुरक्षा रक्षकांचं दहशतवादविरोधी प्रशिक्षण आम्ही सकाळी सातला सुरू करतो. त्या वेळी रात्रपाळी सुटत असते आणि दिवसपाळी चढत असते. दोन्ही पाळ्यांची माणसं एका जागी सापडतात ती तेवढीच. दुकानं अकराला उघडतात, म्हणजे चार तास इमारत रिकामी मिळते. रात्रपाळीवाले बारा तास उभे राहून आलेले असतात. त्यांना आधी चहा-पाव द्यायचा आणि वर्गात अजिबात बसवायचं नाही. एसी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला की दहाव्या मिनिटाला निम्मी माणसं पेंगतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. म्हणून सगळं शिकवणं उभ्यानं, ज्याच्या त्याच्या पोस्टवर.

कागदावर प्रत्येकाचं प्रशिक्षण झालेलं असतं. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या आदर्श नियमांत नव्या रक्षकाला १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे, तेही किमान २० कामाच्या दिवसांत विभागून, असं सांगितलंय. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना त्यात सूट आहे, त्यांना ४० आणि १६ तासच पुरतात. प्रमाणपत्रं फायलीत नीट लावलेली असतात. आम्ही एवढंच विचारतो, ‘हातातला डिटेक्टर कसा फिरवायचा हे तुम्हाला कुणी हात धरून शिकवलं?’ वर जाणारे हात मोजायला फार वेळ लागत नाही. एका दिवसात १६० तासांची भरपाई होत नाही. म्हणून आम्ही फक्त याच इमारतीचं शिकवतो. हेच गेट, हाच जिना, हीच वॉकी-टॉकी.

सुरुवात मेन गेटच्या मेटल डिटेक्टरपासून. ही चौकट आतून पट्ट्यांमध्ये विभागलेली असते. साध्या यंत्रात सहा झोन, महागात अठरा किंवा तेहेतीस. धातू ज्या उंचीवर असेल त्या पट्टीचा दिवा लागतो. रोज सकाळी चाचणीचा धातूचा तुकडा घेऊन एकाने घोटा, कंबर, छाती आणि डोकं अशा चार उंचींवर आत-बाहेर जायचं आणि चारही वेळा बरोबर दिवा लागला का ते वहीत लिहायचं. बहुतेक ठिकाणी हा तुकडा ड्रॉवरमध्ये गंजत पडलेला सापडतो. चौकट सरकत्या जिन्याजवळ किंवा लोखंडी शटरला चिकटून ठेवली की ती उगाच वाजत राहते. मग गार्ड आवाज कमी करतो. आठवड्याभरात यंत्राची कमान होते, लग्नाच्या मांडवासारखी.

खरी गोची मात्र यंत्रात नाही, हिशोबात आहे. हातातला डिटेक्टर अंगापासून दोन ते पाच सेंटिमीटरवर ठेवून खांदे, काखा, कंबर, पायांची आतली बाजू, घोटे आणि मग पाठ असा नीट फिरवायला पंधरा सेकंद लागतात. म्हणजे एक गार्ड तासाला २४० माणसं तपासेल, तेही पाणी न पिता. रविवारी संध्याकाळी एका गेटवर त्याच्या तिप्पट माणसं येतात. मग काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. डिटेक्टर पोटासमोरून वारा घातल्यासारखा फिरतो आणि ‘चला, चला’. मॅनेजमेंटला आम्ही हे गणित लिहूनच देतो. एक तर गर्दीच्या वेळी गेट वाढवा, नाही तर कोणाला सखोल तपासायचं ते ठरवा. आणि रांग लांबू देऊ नका. गेटबाहेर ताटकळणारी दीडशे माणसं हेही एक लक्ष्यच आहे, तेही तपासणीच्या अलीकडचं.

बॅग तपासताना गार्डने आत हात घालायचा नाही. ज्याची बॅग त्यानेच उघडायची, वस्तू त्यानेच उचलून दाखवायच्या, आपण टॉर्च मारायचा. दिसणारं सामान आणि बॅगेचं वजन जुळतंय का ते बघायचं. दुपट्टा आणि पाण्याची बाटली एवढंच दिसतंय, पण टेबलावर ठेवताना धप्प आवाज आला, तर तळ बघायचा. जिथे एक्स-रे यंत्र आहे तिथे रंग पाठ हवेत. सेंद्रिय वस्तू नारिंगी, धातू निळे, मधलं मिश्र हिरवं, आणि किरण आरपार जात नाहीत तिथे काळं. नारिंगी म्हणजे धोका असं नाही, पोळीभाजीचा डबाही नारिंगीच दिसतो. काळा ठोकळा दिसला की बॅग उलटी फिरवून पुन्हा घालायची. आणि पडद्यासमोर एका माणसाला वीस मिनिटांच्या वर बसवायचं नाही. त्यानंतर डोळे उघडे असतात, नजर नसते.

बेसमेंटच्या रॅम्पवर वेगळीच गंमत. गाडीखालचा आरसा गार्ड अंगण झाडल्यासारखा फिरवतो आणि स्वतः बघत असतो मागच्या गाडीकडे. चूक त्याची नाही. गाडीखाली नेहमी काय असतं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. म्हणून आम्ही मॉलचीच एक गाडी उभी करून प्रत्येकाला आरशात सायलेन्सर, इंधनाची टाकी, ॲक्सल ओळखायला लावतो. रोजचं डोळ्यात बसलं की वेगळं आपोआप खुपतं. मुंबईत डिकी उघडली की बऱ्याचदा सीएनजीची टाकी दिसते. ती पट्ट्यांनी पक्की बसवलेली असते, तोंडाशी व्हॉल्व्ह, तिथून इंजिनाकडे जाणारी नळी. नुसता सिलिंडर सुटा लोळत असेल तर गाडी बाजूला. पुढची-मागची नंबरप्लेट वेगळी, डिकीचं कुलूप उचकटलेलं, रिकामी म्हणतात ती गाडी मागून दबलेली, हेही तसंच.

रिक्षा-टॅक्सीच्या ड्रॉप पॉइंटला गार्ड ड्रायव्हरचा चेहरा बघतो आणि सोडतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री विलेपार्ल्यात आणि माझगावच्या वाडीबंदर भागात ज्या दोन टॅक्सी उडाल्या, त्यांत प्रवासी म्हणून बसलेल्या हल्लेखोरांनी बॉम्ब ठेवले होते. चालकांना पत्ताच नव्हता, तेही मेले. ड्रायव्हर निर्धास्त आहे म्हणून गाडी निर्धोक ठरत नाही. उतरणाऱ्याचं सगळं सामान उतरलं का, हे बघायला दोन सेकंद पुरतात.

इथे माणसांविषयी थोडं बोलावं लागतं. ‘संशयित कसा ओळखायचा?’ असं विचारलं की पहिलं उत्तर दाढी येतं, दुसरं बुरखा. हे आम्ही तिथल्या तिथे खोडतो, आणि ते सभ्यतेसाठी नाही. पेहरावाकडे बघणाऱ्या गार्डची नजर तिथेच अडकते आणि बाकीचे मोकळे सुटतात. २६/११ च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली २००६ ते २००८ या काळात पाच वेळा मुंबईत येऊन राहिला, ताजसकट अनेक जागांचं त्याने चित्रीकरण केलं. हे त्याने अमेरिकी न्यायालयात कबूल केलंय. दिसायला-बोलायला तो अमेरिकी पर्यटक होता. बघायचं ते वागणं. दुकानांऐवजी कॅमेऱ्यांचे आणि सर्व्हिस दरवाज्यांचे फोटो काढणारा. पाळी किती वाजता बदलते, रात्री किती जण असता, असं सहज विचारणारा. मुद्दाम पिशवी सोडून, कोण किती वेळात येतंय ते लांबून बघणारा. अशा माणसाला अडवायचं नाही, दमात घ्यायचं नाही. जवळ जायचं, हसून म्हणायचं, ‘नमस्कार साहेब, काही शोधताय का? मी दाखवतो.’ खरा गिऱ्हाईक खूश होतो. टेहळणीला आलेल्याला कळतं की आपण दिसलो. दोन्ही परींनी आपलं काम झालं. मग वेळ, वर्णन आणि कुठल्या कॅमेऱ्यात दिसेल ते वहीत.

दिवसातला सगळ्यात मोठा भाग फूड कोर्टमध्ये जातो, बेवारस बॅगेवर. आम्ही आधीच दहा-बारा वस्तू पेरून ठेवतो. शाळेचं दप्तर, हेल्मेट, डिलिव्हरीवाल्याची चौकोनी बॅग, प्रेशर कुकरचा नवा खोका, टेबलाखाली सरकवलेली काळी सॅक, बेसिनच्या मागे कोंबलेली कापडी पिशवी. एकेकाला बोलावून विचारायचं, यातलं काय करशील?

उत्तर ठरवायला तीन प्रश्न पुरतात. ती मुद्दाम लपवून ठेवलीये का? उघडउघड खटकणारं काही आहे का, वायर, चिकटपट्टीचे वेढे, कसला वास, डाग, टिकटिक? आणि या जागी अशी वस्तू रोज दिसते का? खुर्चीला लटकलेलं दप्तर फूड कोर्टमध्ये नेहमीचंच, कुठलं तरी पोर खेळायला पळालेलं असतं. तीच वस्तू ट्रान्सफॉर्मरच्या खोलीबाहेर दिसली तर नेहमीची नाही. या तीन प्रश्नांनी रोजच्या दहातल्या नऊ पिशव्यांचा निकाल लागतो. हेही शिकवणं गरजेचंच आहे. नाही तर गार्ड एक तर सगळ्यालाच घाबरतो, नाही तर कशालाच नाही. यासोबत आजूबाजूला मोठ्याने विचारायचं, ‘ही बॅग कुणाची?’ कंट्रोल रूमने तोवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मागे न्यायचं.

मालक सापडला नाही आणि तीनपैकी एकाही उत्तराने पोटात गोळा आला, की पुढे एकच नियम. हात लावायचा नाही. उचलायची नाही, पायाने सरकवायची नाही, चेन उघडायची नाही, वर बादली पालथी घालायची नाही, पाणी ओतायचं नाही. या बादलीचं खूळ कुठून आलंय कोण जाणे, पण दर बॅचमध्ये दोघं-तिघं वाळूच्या बादलीकडे धावतातच. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १७ जण गेले. टेबलाखालची बेवारस बॅग कर्मचारी उघडायला गेला तेव्हा ती फुटली, अशी पहिली माहिती तेव्हा आली होती. बॉम्ब नेमका कशाने फुटला हा तपासाचा विषय. गार्डपुरता अर्थ एवढाच, की बॅगेजवळचा माणूस वाचत नाही.

मग अंतर. ब्रिटिश पोलिसांचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. हातातल्या पिशवीएवढ्या वस्तूपासून किमान १०० मीटर, सुटकेस किंवा छोट्या गाडीपासून २००, मोठ्या गाडीपासून ४००. वॉकी किंवा मोबाइल १५ मीटरच्या आत वापरायचा नाही, आधी लांब जायचं, मग बटण दाबायचं. मॉलमध्ये १०० मीटर म्हणजे अख्खा मजला आणि त्याच्या वरचा-खालचा भाग. मधला चौक वरपासून खालपर्यंत काचेचा असतो, आणि स्फोटात काच लांबवर माणसं कापत जाते. म्हणून नुसतं लांब उभं राहून भागत नाही. बॅग दिसत असेल तर बॅगेलाही आपण दिसतोय, असं समजून काँक्रीटच्या खांबामागे किंवा कोपऱ्यापलीकडे जायचं. रिबन लावायला पुन्हा जवळ जायचं नाही.

आता वॉकी. सरावात गार्डला सॅक सापडते, तो बटण दाबतो आणि म्हणतो, ‘सर, जरा वर या ना.’ कंट्रोल विचारतं, ‘काय झालं?’ तो म्हणतो, ‘या ना सर, अर्जंट आहे.’ सुपरवायझर धावत वर येतो आणि दोघं मिळून सॅककडे वाकून बघतात. कागदोपत्री दोघंही खलास.

आम्ही एकच साचा घोकून घेतो. कोण, कुठे, काय, काय केलं, काय हवं. ‘कंट्रोल, पोस्ट चार. दुसरा मजला, फूड कोर्ट, बेसिनच्या उजवीकडे काळी सॅक. मालक नाही. लोक हलवतोय. पोलिसांना कळवा.’ बारा सेकंद. प्रत्येकाकडून पाच वेळा, ज्याची जी भाषा असेल त्या भाषेत. निम्मे गार्ड उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे असतात. घाबरल्यावर माणूस आईच्या भाषेत बोलतो, तेव्हा कंट्रोलमधल्या माणसाला निदान हिंदी-मराठी दोन्ही धड कळायला हवं. काही ठिकाणी ‘कोड ब्लॅक’ वगैरे सांकेतिक शब्द ठरवलेले असतात. चार दिवसांपूर्वी रुजू झालेल्या रिलीव्हरला, म्हणजे बदली गार्डला, ‘कोड ब्लॅक’ म्हणजे वीज गेली असं वाटतं. साधं बोलणं बरं.

११२ ला फोन करणाऱ्याची परीक्षाही घेतो, कारण तिथे एक भलताच घोळ होतो. मॉलमध्ये लोअर ग्राउंड, अप्पर ग्राउंड, मग पहिला. बाहेरून येणारे पोलीस आणि बॉम्ब शोधक व नाशक पथक सरळ रस्त्यापासून मजले मोजतात. ‘पहिला मजला’ म्हटल्यावर ते एक मजला चुकतात. म्हणून मजल्याऐवजी दुकान आणि गेट सांगायचं, ‘पूर्वेच्या गेटने या, बाहेर पिवळ्या जॅकेटमधला माणूस उभा आहे.’ तो माणूस खरोखर उभा करायचा. त्याच्या हातात इमारतीचे छापील नकाशे, चाव्यांचा जुडगा आणि बॅगेचा लांबून काढलेला फोटो हवा. नकाशे फक्त कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर असतील आणि कंट्रोल रूमच रिकामी करायची वेळ आली, तर पोलीस आंधळे.

धमकीच्या फोनवर फार वेळ घालवत नाही. ऑपरेटरसमोर कागद चिकटवलेला असावा. बॉम्ब कुठे, कधी फुटणार, दिसतो कसा, कशात आहे, का ठेवला. फोन आपण ठेवायचा नाही, शब्द जसेच्या तसे लिहायचे, मागे लोकलचा आवाज आहे की अजान की लहान मूल, तेही.

गोळीबाराचा भाग वेगळा, कारण त्यात बॅगेचे बरेच नियम उलटे होतात. पहिली अडचण कानाची. बंद इमारतीत गोळीचा आवाज फटाक्यासारखा वाटतो, २६/११ लाही कित्येकांना सुरुवातीला फटाकेच वाटले होते. दुसरी अडचण बोटाची. घाबरलेला माणूस भिंतीवरचं लाल बटण फोडतो आणि फायर अलार्म वाजतो. अलार्म वाजला की आत लपून वाचू शकली असती ती माणसं शिकवल्याप्रमाणे बाहेर, मोकळ्या जागी, एका घोळक्यात येऊन उभी राहतात. हल्लेखोराला याहून सोपं काही नको. अशा वेळी अलार्म नाही, माईक.

माईकची किंमत २६/११ ला छत्रपती शिवाजी टर्मिनसवर, आताच्या सीएसएमटीवर, दिसली. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या केबिनमधून फलाटावरच्या लोकांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते सांगत राहून असंख्य जीव वाचवले. त्यांच्या हातात बंदूक नव्हती. त्यांना समोर दिसत होतं आणि त्यांचा आवाज सगळीकडे पोचत होता. मॉलमध्ये कॅमेरे आणि माईक एकाच खोलीत असतात, पण माईक गाणी लावणाऱ्या मुलाच्या ताब्यात असतो आणि त्याला कुणी प्रशिक्षणाला बोलावलेलंच नसतं. आम्ही त्याला बोलावतो. तीन वाक्यं मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून माईकशेजारी लॅमिनेट करून लावतो. जागेचं नाव तेवढं कोरं, ते कॅमेऱ्यात बघून त्याने भरायचं. ‘पश्चिम गेटकडे जाऊ नका, पूर्वेच्या जिन्याने बाहेर पडा, बाहेर थांबू नका.’

पळा, पळता येत नसेल तर लपा, सुरक्षित झाल्यावर कळवा, हा क्रम गार्डलाही लागू आहे. काठी घेऊन रायफलसमोर जायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. तुकाराम ओंबळे यांचं नाव अशा वेळी निघतंच, निघायलाही हवं. पण ते पोलीस होते, नाकाबंदीवर होते. गार्डचं काम आपल्याबरोबर शंभर माणसं बाहेर काढणं हे आहे. दुकानांची शटर किती सेकंदांत खाली येतात ते आम्ही घड्याळ लावून मोजतो. मोटरवर चालणारं शटर जड आणि संथ असतं, म्हणून पुढच्या पाच दुकानांना वाचवायचं तर ओरडा आधी, शटर नंतर. आत गेल्यावर दिवे बंद, फोन सायलेंट, व्हायब्रेटही नको. ट्रायल रूमची भिंत प्लायची, गोदामाची विटांची. प्लायमागे माणूस दिसत नाही, पण गोळी थांबत नाही.

सशस्त्र पोलीस आत आले की हातातलं सगळं खाली, वॉकीसुद्धा, आणि पंजे उघडे दिसतील असे वर. अंधारात काळी वॉकी पिस्तुलासारखी दिसते. गार्डच्या गणवेशाचाही घोळ होऊ शकतो. पोलीस-लष्करासारखा गणवेश रक्षकांनी घालू नये असं कायदाच सांगतो, तरी खांद्यावर फिती आणि डोक्यावर बॅरे चढवायची हौस काही एजन्सींना असते.

रक्तस्राव थांबवायला अर्धा तास देतो. जखमेवर थेट, अंगाचा भार टाकून दाब. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या पाच ते आठ सेंटिमीटर वर, सांध्यावर नव्हे, रुंद पट्टा काठीने पिळून रक्त थांबेपर्यंत आवळायचा आणि वेळ लिहायची. बारीक दोरी वापरायची नाही, ती मांसात रुतते.

साडेदहाला मॉक ड्रिल. दुकानांचे कर्मचारीही आलेले असतात. ड्रिलच्या मधोमध आम्ही एक जिना बंद म्हणून जाहीर करतो, कारण सगळे ज्या वाटेने आत येतात त्याच वाटेने बाहेर पळतात. दर वेळी तेच तीन प्रकार होतात. कॅशिअर गल्ला मोजल्याशिवाय उठत नाही. कुणीतरी लिफ्टमध्ये शिरतं. आणि बाहेर आलेले सगळे पार्किंगमध्ये, गाड्यांच्या रांगेत जमा होतात, तपासणी न झालेल्या गाड्यांशेजारी. जमायची जागा काचेपासून आणि गाड्यांपासून लांब हवी, आणि लोक तिथे पोचायच्या आधी दोन गार्डनी ती नजरेखालून घातलेली हवी.

पोलिसांनी परवानगी दिल्यावर लोकांच्या पडलेल्या बॅगा गोळा करून एका खोलीत ढीग लावायचा, हा सुपरवायझरांचा आवडता शिस्तीचा प्रकार. सीएसएमटीवर हल्ल्यानंतर साधारण आठवड्याने, ३ डिसेंबर २००८ ला, प्रवाशांच्या बेवारस सामानात जिवंत स्फोटकं सापडली होती. तेवढे दिवस ते सामान हाताळलं जात होतं. एकेक वस्तू जिथे पडली तिथेच राहू द्यायची, तपासणी पथकाने मोकळी केली तरच उचलायची.

शेवटचा तास वहीचा. प्रत्येकाने आपल्या पोस्टवरची एक नोंद लिहायची. इथे गार्ड सगळ्यात जास्त कचरतात, आणि कारण अक्षर नसतं. मागच्या वेळी बॅग कळवली, फूड कोर्ट वीस मिनिटं रिकामं झालं, बॅगेत जिमचे कपडे निघाले आणि धंदा बुडवला म्हणून बोलणी खावी लागली, असं बहुतेकांच्या गाठीशी असतं. त्यापुढे तो माणूस काही कळवत नाही, पायाने सरकवून बघतो. म्हणून या तासाला मॉल मॅनेजर हजर असलेच पाहिजेत, ही आमची आधीपासूनची अट असते. नमुन्याची नोंद फळ्यावर लिहितो:

‘१६.४०. फूड कोर्ट, बेसिनच्या उजवीकडे काळी सॅक. मालक नाही. हात लावला नाही. १६.४१ कंट्रोलला कळवलं. १६.४४ मजला रिकामा करायला सुरुवात. १६.५८ मालक आला, पोलिसांसमोर सॅक त्यानेच उघडली. कपडे, पाण्याची बाटली. १७.०५ मजला सुरू. पोस्ट ४.’

खाली एक ओळ आणखी असते, ‘कारवाई योग्य.’ तिच्यासमोर मॅनेजरांची सही सगळ्यांदेखत घेतो. ते ‘नंतर करतो’ म्हणाले, तर वही उघडी ठेवून बसून राहतो.